घरात राहणाऱ्यांची नावं

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता आत्यानं न्हाणीघरातल्या पेल्यातून आपला टूथब्रश उचलला आणि तो कागदात गुंडाळायला घेतला, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की एका हातानं कागद गुंडाळता येत नाही! उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, गळ्यात अडकवलेला... ब्रश दोनदा खाली पडला. तिसऱ्यांदा तिनं तो तसाच पिशवीत टाकला आणि पेल्यात उरलेल्या तीन ब्रशांकडे बघत ती क्षणभर उभी राहिली. तीन. नवरा, बायको, मुलगी. आता कसं बरोबर दिसत होतं! कुणा परक्या माणसानं डोकावून पाहिलं असतं, तर त्याला काहीच खटकलं नसतं.

परका माणूस अकरा वाजता येणार होता. विमा कंपनीचा तपासनीस. त्याच्या येण्याआधी आत्याला या घरातून स्वतःला पुसून काढायचं होतं.

माणूस एकोणीस वर्षं एका घरात राहिला की त्याच्या किती खुणा होऊन बसतात, याची त्याला स्वतःलाही कल्पना नसते. तिनं दाराजवळच्या चपला उचलल्या, चष्म्याचं घर उचललं, खिडकीतली गुडघ्याला लावायच्या मलमाची ट्यूब उचलली, खुर्चीच्या पाठीवरची राखाडी शाल उचलली... आणि मग ती औषधांच्या डब्यापाशी अडली. प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी तिच्याच अक्षरातली होती. ‘मास्तर, जेवणानंतर.’ ‘वहिनी, फक्त सकाळी.’ पडद्यांच्या कडा तिनं शिवलेल्या, सोफ्याची खोळ तिची, दाराशी पडलेलं पायपुसणंसुद्धा तिच्याच जुन्या गाऊनचं! आतल्या खोलीतलं शिवणयंत्र एका हातानं हलणारच नव्हतं. ते वहिनींचं म्हणून खपवायचं तिनं ठरवलं, जरी वहिनींना सुईत दोरा ओवायलाही दुसरं माणूस लागायचं. शेवटी ती थकली आणि पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली. घर आवरणं तिला जन्मभर जमलं होतं. त्या घरातून स्वतःला आवरून नेणं मात्र काही केल्या जमेना.

बारा दिवसांपूर्वी ती नेहमीप्रमाणे कामावर निघाली होती. शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात कपडेखोली होती, आणि फाटलेल्या चादरी, डॉक्टरांचे झगे, रुग्णांचे सदरे शिवून पुन्हा वापरात आणणं हे तिचं तिथलं काम. सव्वीस वर्षं ती ते करत आली होती. इस्पितळाच्या फाटकासमोर रस्ता ओलांडताना एक करडी गाडी भरकन वळली, तिला आडवं केलं, चाक उजव्या हातावरून गेलं आणि गाडी न थांबता निघून गेली. नंबर कुणीच पाहिला नाही. लोकांनी तिला उचलून आत नेलं, अंगावर रुग्णाचा सदरा चढवला, आणि त्या असह्य वेदनेतही तिची नजर सदऱ्याच्या खांद्यावरच्या टाक्यावर गेली. टाका तिचाच होता.

हाडं डॉक्टरांनी बसवली. पण बोटं ओढणाऱ्या ज्या दोऱ्या मनगटातून जातात, त्यातल्या दोन तुटल्या होत्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तीन आठवड्यांच्या आत दुसरं ऑपरेशन झालं, आणि पुढं सहा महिने जाणकार माणसाच्या देखरेखीखाली व्यायाम झाला, तर हात कामाचा राहील. नाहीतर बोटं आखडून जातील, कायमची. हे सगळं फक्त हातांच्या खास दवाखान्यात व्हायचं, आणि तो खर्च या घराच्या आवाक्याबाहेरचा होता. हात गेला की कपडेखोली गेली. आणि कपडेखोली गेली की... पुढचं वाक्य आत्यानं मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, लग्न न झालेली, आखडल्या हाताची बाई आपल्या भावाच्या घरात कोण म्हणून राहणार?

वाट एकच होती. हे कुटुंब ज्या देशात राहत होतं, तिथल्या गाडीच्या विम्यात चूक कोणाची हे पाहतच नसत. धडक देणारा सापडो न सापडो, दोष गाडीवाल्याचा असो की पायी चालणाऱ्याचा, जखमी माणसाच्या उपचाराचा खर्च त्याच्या स्वतःच्या घरातल्या गाडीचा विमा उचलायचा. अट एवढीच, की जखमी माणूस विमा घेणाऱ्याचा नातेवाईक हवा आणि त्याच्याच घरात राहणारा हवा. घरात गाडी नसेल तर सरकारी निधीकडे अर्ज करायचा, पण तिथं निकाल लागायला वर्ष-दीड वर्ष जायचं. आत्याच्या बोटांपाशी तेवढा वेळ नव्हता.

गाडी तर घरात होती! एक सोडून दोन होत्या. तिचा धाकटा भाऊ गाडी चालवायला शिकवायचा. अर्ध्या गावानं त्याच्या शेजारी बसून पहिला ब्रेक दाबला होता, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि पुढं पुढं बहीणही तसंच म्हणायला लागली. मास्तरची मुलगी, एकोणीस वर्षांची उंच ताडमाड पोरगी, जिला घरात अजून छकुली म्हणत, तिनं इस्पितळाच्या बाकावर बसूनच विम्याचा अर्ज भरून टाकला. ‘जखमी व्यक्ती कुठे राहते?’ या प्रश्नापुढे तिनं काहीही विचार न करता लिहिलं, ‘आमच्याकडे. मी जन्मल्यापासून.’

चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. दर वर्षी विमा नवा करताना जो फॉर्म भरून जातो, त्यात ‘घरात राहणाऱ्या सर्व व्यक्तींची नावं’ असा एक रकाना होता. त्या रकान्यात एकोणीस वर्षं तीनच नावं गेली होती. आत्याचं बँकेचं पुस्तक, ओळखपत्र, इस्पितळातली नोंद, सगळ्यांवर पत्ता दुसराच होता. तेव्हा एकतर हा दावा खोटा, नाहीतर एकोणीस वर्षांचे फॉर्म खोटे. तपासनीस प्रत्यक्ष येऊन जबाब घेईल, असं पत्रात म्हटलं होतं.

मास्तरनं ते पत्र वाचलं आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. शिकवायच्या गाडीचा विमाही त्याच कंपनीचा होता. विमा कंपनीशी लबाडी केली असा शिक्का बसला, तर गाड्या दारात उभ्या राहणार आणि शिकवण्याचा परवाना जाणार, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो बहिणीला काही बोलला नाही. खोटं बोल, असं तर तो मेला असता तरी म्हणाला नसता. पण त्या दिवसापासून त्याची भूक गेली, दाढी वाढली, आणि आत्या समोर आली की तो खिडकीबाहेर बघायला लागला. वहिनी तर आधीच मितभाषी; त्यांनी पत्र घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कामाला लागल्या. भावाचं ते खिडकीबाहेर बघणं आत्याच्या काळजाला घरं पाडत गेलं... आणि तिचा निर्णय झाला.

छकुलीनं आकांडतांडव केलं. तू खोटं सांगणार का, असं तिनं विचारलं.

“खोटं काय त्यात?” आत्या म्हणाली. “मी इथं राहते असं मी कधी म्हटलंय तरी का?”

आणि खरोखरच तिनं ते कधीच म्हटलं नव्हतं! या साऱ्या अनर्थाचं मूळ तिथंच होतं. ती आली होती दोन महिन्यांसाठी. छकुली वीस दिवसांची होती, बाळंतपणात वहिनींना आजार जडला आणि त्यांना दूरच्या इस्पितळात हलवावं लागलं. आत्यानं आपली भाड्याची खोली सोडली, पहाटेची पाळी मागून घेतली, आणि ते चिमुकलं, आक्रंदणारं गाठोडं उराशी धरलं. दोन महिन्यांचे आठ महिने झाले. शिंप्याच्या दुकानातला एक कापणारा तिच्यासाठी थांबला होता; साधा, चांगला माणूस. त्यानं दोन वर्षं वाट पाहिली आणि मग दुसरीशी लग्न केलं. आत्यानं त्याच्या बायकोचा पोशाख शिवून दिला, आणि कुणालाही काही कळू दिलं नाही.

वहिनी बऱ्या होऊन घरी आल्या त्यानंतरच्या आठवड्यातली ती दुपार. धुतलेल्या लंगोटांची चळत घेऊन आत्या बोळातून चालली होती, आणि स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. तुमची बहीण कायमची राहायला आलीय का, असं त्या नवऱ्याला विचारत होत्या. आत्याची पावलं जागच्या जागी थिजली. भाऊ आता काय उत्तर देतो याची तिनं वाट पाहिली... पुष्कळ वाट पाहिली. मास्तरनं उत्तरच दिलं नाही.

वहिनींच्या प्रश्नापेक्षा ती शांतता तिला अधिक लागली. दुसऱ्याच दिवशी तिनं हसत हसत जाहीर करून टाकलं की पोरगी चालायला लागली की मी माझ्या वाटेनं. कपडेखोलीत इस्त्री करणारी तिची एक मैत्रीण होती. तिच्या घरचा पत्ता आत्यानं आपल्या सगळ्या कागदांवर घातला. पत्रं मैत्रिणीकडे जायची आणि मैत्रीण ती कामावर आणून द्यायची. पोरगी चालायला लागली, धावायला लागली, शाळेत गेली, कॉलेजात गेली... वहिनींना कष्टाचं काम जमेना म्हणून, मास्तरचं पोट बिघडलं म्हणून, पोरीची परीक्षा म्हणून आत्याचं जाणं लांबतच गेलं. पण पत्ता तिनं बदलला नाही. तो तिचा एवढासा अभिमान होता! कुणी विचारलंच तर तिला म्हणता आलं पाहिजे होतं, की नाही हो, मी कायमची कुठं आलेय?

आणि कुणी पुन्हा विचारलंच नाही.

तपासनीस अकराला पाच मिनिटं कमी असताना आला. पन्नाशीचा, किडकिडीत, आवाज इतका हळू की ऐकायला पुढं वाकावं लागावं. त्यानं घरभर एक चक्कर मारली, कुठं हात लावला नाही, काही उघडलं नाही, आणि सोफ्यावर बसून प्यायला पाणी मागितलं.

वहिनी आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला, दुसरं उघडल्याचा आला. पाहुण्यांसाठीचे काचेचे पेले त्यांना सापडेनात. बाहेर आत्या पाहुणीसारखी खुर्चीच्या टोकावर बसली होती, पिशवी पायाशी, नजर जमिनीवर. तिसऱ्या कपाटाचा आवाज आला आणि तिला राहवेना.

“गाळण्याच्या वरच्या फळीवर,” ती बसल्या जागेवरून म्हणाली, “मागच्या बाजूला.”

छकुलीनं कपाळावर हात मारला. तपासनिसाचं पेन कागदावर क्षणभर थांबलं. पाहुणीला बरंच ठाऊक दिसतंय, असं तो म्हणाला, पण त्यात टोमणा नव्हता. मग त्यानं एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आत्यानं आधी घोकून ठेवल्याप्रमाणे उत्तरं दिली. ती मैत्रिणीकडे राहते. भावाकडे येऊन-जाऊन असते. अपघाताच्या आदल्या दिवशी सहज आली होती. पोरीनं अर्जात लिहिलं ते मायेपोटी, तिला कायदा काय कळतो! बोलताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. आतून मात्र प्रत्येक वाक्यासरशी काहीतरी तुटत होतं, आणि ते मनगटातल्या दोऱ्यांहून जास्त दुखत होतं. तीन आठवड्यांतले बारा दिवस उलटले होते. आपल्याच तोंडानं आपला हात ती दान करून टाकत होती, आणि समोर भाऊ मान खाली घालून बसला होता.

तपासनिसानं जबाब लिहून काढला. त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं की यावर सही झाली की दावा फेटाळला जाईल आणि फॉर्मबद्दलची चौकशीही संपेल. मला काय वाटतं ते मी लिहू शकत नाही, तो म्हणाला; कागद आणि जबाब जुळले की माझं काम झालं. आत्यानं डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. खाली साक्षीदाराची सही लागणार होती, घरातल्या कर्त्या बाईची. त्यानं कागद वहिनींपुढे सरकवला.

वहिनींनी पेन हातात घेतलं. ‘वर उल्लेखिलेली व्यक्ती या घरात राहत नाही.’ त्यांनी ती ओळ वाचली, मग पुन्हा वाचली. आत्या त्यांच्या बोटांकडे बघत होती. करा, करा एकदाची सही, ती मनात म्हणत होती... आणि त्याच वेळी मनाच्या पार तळाशी एक वेडी, एकोणीस वर्षं भुकेलेली आशा उपाशी पोरासारखी टक लावून बसली होती.

वहिनींनी पेनाला टोपण लावलं.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, राहू द्या,” आत्या घाईनं म्हणाली.

“नाही वन्सं. आज मला बोलू द्या.” वहिनी तपासनिसाकडे नाही, तर आत्याकडे बघून बोलत होत्या. “एकोणीस वर्षांपूर्वी मी ह्यांना विचारलं होतं, तुमची बहीण कायमची राहायला आलीय का. तुम्ही बोळात होतात. मला ठाऊक होतं. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच मी दार उघडं ठेवलं होतं.”

एकोणीस वर्षं आत्यानं एका समजुतीवर काढली होती, की मी बोळात आहे हे बिचारीला ठाऊक नव्हतं, सहज तोंडातून निघून गेलं असेल. त्या समजुतीच्या आधारानं तिनं या बाईला औषधं दिली होती, आजारपणात तिचे केस विंचरले होते. ती समजूत आता भर दिवसा, परक्या माणसासमोर कोसळली, आणि गंमत अशी की आत्याला राग आला नाही. सुटल्यासारखं वाटलं! निदान कुणीतरी ती दुपार आठवणीत ठेवली होती. ती एकटीच तिथं उभी नव्हती.

वहिनींच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण बोलणं थांबलं नाही. आठ महिन्यांनी त्या घरी आल्या तेव्हा स्वतःच्या पोटची पोर त्यांच्या मांडीवर टाहो फोडायची आणि आत्याकडे झेपावायची. त्या असूयेनं त्या आतून करपून गेल्या होत्या. दर वर्षी तो फॉर्म यायचा आणि दर वर्षी तो त्याच भरायच्या. नावांच्या रकान्याशी येऊन थांबायच्या. हे चौथं नाव लिहिलं की आपण या घरात दुसऱ्या होऊ, अशी त्यांना भीती वाटायची. पुढं भीती गेली, मत्सरही गेला, वन्संवाचून पान हलेनासं झालं. पण मग एवढ्या वर्षांनी ते नाव कुठल्या तोंडानं लिहायचं, हे त्यांना कळेना. म्हणून मागच्या वर्षीचा फॉर्म समोर ठेवून तसाच उतरवत राहिल्या.

“आणि मी सही करायचो,” मास्तर म्हणाला. इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच बहिणीच्या डोळ्याला डोळा दिला. “न वाचता नव्हे, ताई. वाचून. त्या दुपारीसुद्धा मी ऐकलं होतं आणि गप्प बसलो होतो. चूक माझी आहे.”

चूक माझी, वहिनी म्हणाल्या. नाही, माझीच, मीच हट्टानं दुसरा पत्ता घातला, आत्या म्हणाली. तिघंही एकदम बोलायला लागली, छकुली तर हमसाहमशी रडायला लागली, आणि तपासनिसानं आपला हळू आवाज आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच चढवला.

“अहो, ऐका! चूक कोणाची हा रकानाच माझ्या फॉर्मात नाही. या विम्यात ते विचारतच नाहीत. मला एवढंच सांगा, त्या इथं राहतात का, आणि राहत असतील तर पुरावा काय.”

पुरावा! आत्याचं मन चरकलं. पुरावा होऊ नये म्हणून तर ती एकोणीस वर्षं जपत आली होती. नावाचं एक पत्र नाही, एक पावती नाही, दारावरच्या पाटीवर नाव नाही. पण वहिनी उठल्या, आपल्या कपाटाच्या तळातून त्यांनी एक पुठ्ठ्याचं खोकं ओढून आणलं आणि टेबलावर उपडं केलं. छकुलीच्या शाळेच्या डायऱ्या! बालवर्गापासून शेवटच्या वर्षापर्यंतच्या. शाळेच्या नियमानं रोज घरातल्या मोठ्या माणसाची सही लागायची, आणि पानामागून पान, वर्षामागून वर्ष, तारखेखाली तारीख, सही आत्याची होती. ‘काल ताप होता, आज डबा कमी दिला आहे.’ ‘बुटाचा अंगठा फाटला आहे, उद्या नवा येईल, रागवू नये.’ ‘रात्री दोन वेळा दचकून उठली. पुढच्या बाकावर बसवावे.’

“यात माझी सही एकदाही नाही,” वहिनी म्हणाल्या. “मी जळून जळून वाचायची या. नंतर नंतर टाकवेनात.”

तपासनीस बराच वेळ पानं उलटत राहिला. मग त्यानं चष्मा पुसला, आत्याची वेडीवाकडी सही असलेला कागद शांतपणे मधोमध फाडला आणि नवा काढला. जाता जाता त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की बाईंना गाडी चालवता येते का. नाही, शिकायची हिंमतच झाली नाही, आत्या म्हणाली. मास्तरची बहीण असून! मग तो म्हणाला की जी व्यक्ती गाडीच चालवत नाही, तिचं नाव लिहिल्यानं हप्ता वाढत नाही. नाव लपवून कुणाचा काही फायदाच झाला नसल्यामुळे कंपनी याला लबाडी धरेल असं त्याला वाटत नव्हतं. एकोणीस वर्षं जे नाव लिहायला तिघं भीत होती, ते लिहिलं असतं तर कुणाचं काहीच गेलं नसतं... हे ऐकून कुणाला हसू आलं नाही.

तरी चौकशी व्हायची ती झालीच. मास्तरला दोनदा कचेरीत जाऊन बसावं लागलं, शिकवायची गाडी महिनाभर दारात उभी राहिली, आणि शेवटी कडक शब्दांचं एक पत्र येऊन प्रकरण मिटलं. दावा मंजूर झाला. पण मंजुरी यायला उशीर झाला, आणि तीन आठवड्यांच्या आत व्हायचं ऑपरेशन पाचव्या आठवड्यात झालं. डॉक्टर म्हणाले की अंगठा आणि पहिली दोन बोटं कामाला येतील. उरलेल्या दोन बोटांची खात्री त्यांनी दिली नाही.

व्यायामासाठी दवाखान्यातून एक बाई आठवड्यातून दोनदा घरी यायची. बाकीच्या दिवशी घरातल्याच कुणीतरी रोज सकाळी एकेक बोट धरून हळूहळू वाकवायचं आणि सरळ करायचं होतं. वहिनींनी ते शिकून घेतलं. एक गोष्ट त्या बाईनं पुन्हा पुन्हा बजावली होती. दुखणारच, पण कुठं आणि किती दुखतंय हे रोग्यानं बोललं पाहिजे, कारण न बोलता सोसत राहिलं तर जोडलेली दोरी पुन्हा तुटते.

वहिनी रोज विचारायच्या, दुखतंय का. आत्या रोज म्हणायची, नाही, चालू द्या. कपाळावर घाम यायचा, ओठ पांढरे पडायचे, तरी चालू द्या. नवव्या दिवशी मनगट सुजलं. दवाखान्यातली बाई दोघींवर उखडली. आणखी चार दिवस असं चाललं असतं तर सगळं वाया गेलं असतं, म्हणाली. ती गेल्यावर वहिनी पदरानं डोळे पुसताना आत्याला दिसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुन्हा टेबलाशी बसल्या. खिडकीतून ऊन आलं होतं, बाहेर मास्तर एका नव्या विद्यार्थ्याला गिअरबद्दल समजावत होता. वहिनींनी तिसरं बोट धरलं आणि हळूच वाकवायला सुरुवात केली. दुखतंय का, त्यांनी विचारलं. आत्यानं सवयीनं मान हलवली, बोट आणखी वाकलं, कळ खांद्यापर्यंत चढली... आणि ‘चालू द्या’ हे शब्द तिच्या ओठांपर्यंत येऊन तिथंच अडकले.

“थांब,” ती म्हणाली. “दुखतंय गं.”

वहिनींचे हात जागच्या जागी थांबले. वयानं दहा वर्षांनी लहान असलेल्या या भावजयीला आत्यानं आजवर कधी अगंतुगं केलं नव्हतं.

“कुठं?”

“सगळीकडे.”

“केव्हापासून दुखतंय?”

आत्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि एकोणीस वर्षांत या घरात कुणी पाहिलं नव्हतं तसं ती रडली. मोठ्यानं, तोंड न झाकता, बाहेर ऐकू जाईल याची पर्वा न करता. त्या दुपारपासून, ती म्हणाली. त्या दुपारपासून दुखतंय. वहिनींनी क्षमा मागितली नाही. त्यांनी फक्त मान खाली केली आणि त्या सुजलेल्या मनगटावर अलगद कपाळ टेकलं. बाहेर गाडी सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. बऱ्याच वेळानं वहिनींना आपल्या गालावर काहीतरी हलल्यासारखं वाटलं. आत्याची बोटं होती. पुरती मिटत नव्हती, पण वहिनींच्या डोळ्यांतलं पाणी पुसण्याइतकी वाकत होती.